मेस्त्रीकाका, राऊटर आता हलत नाही

मेस्त्रीकाका,
सादर नमस्कार.

गावच्या वाचनालयातली दोन नवी कपाटं बघून लोक माझी पाठ थोपटतात. चोवीस खाचा, आणि एकही फळी तिरकी नाही, म्हणतात. ही शाबासकी खरी तुमची. चारचौघांना ते कळावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

चवथीआधी तुम्ही आमच्याकडे माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्याची, चौकट दुरुस्त करायला आला होता. मागच्या पडवीत माझा राऊटर, म्हणजे लाकडात खाचा पाडायचं यंत्र, गाइड ट्रॅकवर, म्हणजे ते सरळ रेषेत सरकावं म्हणून खाली ठेवायच्या पट्टीवर, चढवून ठेवलेला होता. ट्रॅक करवतीबरोबर आलेला, राऊटर वेगळ्या कंपनीचा; त्यामुळे दोघांना जोडणारा तयार ॲडॅप्टर बसेना. म्हणून मे महिन्यात मी प्लायचा एक घरीच केला. खाली ट्रॅकच्या उंचवट्यावर बसणारी लांब खाच, आणि राऊटरच्या फेन्सच्या, म्हणजे बाजूला लावायच्या आधारपट्टीच्या, भोकांतून जाणाऱ्या दोन सळया. तेव्हा छान सरकायचा. जूनमध्ये पाऊस लागला, प्लाय फुगला आणि ॲडॅप्टर जागीच रुतला. खाच घासून मोठी केली, तर राऊटर डुलायला लागला. सागाच्या एका फळीचं त्यात वाटोळं झालं.

तुम्ही आधी प्लग काढलात. मग दोन बोटं ॲडॅप्टरच्या एका टोकावर ठेवून दाबलीत. टक. दुसऱ्या टोकावर दाबलीत. पुन्हा टक. "हालता मरे हें," एवढंच म्हणालात. तो आवाज मी महिनाभर ऐकत होतो, पण त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

पुढचा अर्धा तास मी विसरणार नाही. ॲडॅप्टर उंचवट्याला पूर्ण लांबीभर टेकायची गरजच नाही, दोन टोकांना टेकला की पुरे, हे तुम्ही दाखवलंत. आईकडून भाजी कापायचा जुना पांढरा प्लास्टिकचा पाट मागून घेतलात आणि त्याचे दोन तुकडे कापून खाली बसवलेत. हे प्लास्टिक पाणी पीत नाही, पावसाळ्यात फुगत नाही. प्रत्येक तुकड्याला बाजूने एक ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू. आवळायचा, सरकवून बघायचा, अडकला की पाव फेरा मागे. बाजूचा खेळ तिथेच संपला.

राहिला कलंडण्याचा प्रश्न. ट्रॅक ५ मिलिमीटर जाड, आणि राऊटरची बाहेरची बाजू अधांतरी. खाली दाबलं की तीच बाजू झुकायची आणि बिट, म्हणजे कापणारं पातं, जास्त खोल जायचं. तुम्ही त्या बाजूला ५ मिलिमीटरचाच पाय लावलात. पुन्हा बोटं ठेवलीत. आवाज नाही.

सळया मात्र माझ्याच चुकल्या होत्या, भोकं वेगवेगळी पाडल्यामुळे त्या समांतर नव्हत्या. तुमच्या सांगण्याप्रमाणे सळया धरणारे दोन्ही ठोकळे एकमेकांवर आवळून एकाच वेळी भोकं पाडली, आणि फोंड्याहून १० मिलिमीटरच्या दोन सरळ सळया कापून आणल्या.

मग कामाला लागलो. १८ मिलिमीटरचा म्हणून घेतलेला प्लाय व्हर्नियरने, म्हणजे बारीक मोजमापाच्या पट्टीने, १७.४ भरला. १८ च्या बिटने खाच सैल झाली असती, म्हणून १२ चं बिट लावून दोन फेऱ्यांत केली. सळईच्या टोकाला एम६ बोल्ट बसवलाय. त्याचा एक फेरा म्हणजे राऊटर १ मिलिमीटर बाजूला, तेव्हा दुसऱ्या फेरीला पाच फेरे आणि वर थोडंसं. ट्रॅक डाव्या हाताला ठेवून राऊटर पुढे ढकलायचा, म्हणजे बिटच राऊटरला ट्रॅककडे ओढून धरतं, हेही तुमचंच. खोली ६ मिलिमीटर, दोनदा तीन-तीन. फळी हाताने दाबली की बसते, ठोकावी लागत नाही.

त्या दिवशी तुम्ही माटोळीचेच पैसे घेतलेत. ॲडॅप्टरचं नाव काढलं तर हात जोडून उठलात. चाळीस वर्षांचं कसब तुम्ही पडवीत उकिडवं बसून मला दिलंत. ते मनावर आहे, काका.

तुमच्याही राऊटरसाठी एक ॲडॅप्टर करायला घेतलाय. प्लास्टिकचे तुकडे कापून तयार आहेत, पायही झालाय. फक्त तुमच्या फेन्सच्या दोन भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, मोजून ठेवा. रविवारी सकाळी सळया घेऊन येतो.

तुमचा,
पडवीतला विद्यार्थी