बाबा, आवाज बंद करून लावू नका

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार,

परवा आईकडून कळलं, की बाबा रोज रात्री यूट्यूबवर आमच्या बँडच्या गाण्याचा व्हिडिओ लावतात, आवाज पूर्ण बंद करतात आणि मोबाइल चार्जिंगला लावून रात्रभर तसाच चालू ठेवतात. ‘तेवढाच पोरीचा आकडा वाढेल.’ बाबा, ऐकून हसूही आलं आणि भरूनही आलं, पण हे आजपासून बंद करा. एकाच मोबाइलवर उगाच फिरवत ठेवलेले असले आकडे यूट्यूब गाळून टाकतं. शिवाय तुमच्या मोबाइलची बॅटरी आधीच फुगलेली. एकदाच ऐका, पण आवाज लावून. ड्रम खटकतील, खटकू देत.

तुमचा दुसरा प्रश्न, ‘तीन लाख लोकांनी बघितलं, मग पैसे कुठे गेले?’ फोनवर मी उडवाउडवी केली, कारण उत्तर लांब आहे.

तीन लाखांनी बघितली ती इन्स्टाग्रामवरची रील खरं तर आमच्या गाण्याची नव्हतीच. कोथरूडच्या खोलीत प्रॅक्टिस चालली होती. रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद, खिडकीला गादी उभी केलेली, सगळे घामाघूम. गाणं समेवर आलं आणि नेमकी शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. आमच्या गिटारवाल्याने न थांबता शिट्टीचाच सूर उचलला आणि पुढे गेला. लोकांना आवडली ती शिट्टी. खाली कमेंटही कुकरवरच. गाणं शोधून ऐकणारे त्यातले मोजके, आणि पुढच्या शोला तिकीट काढून आलेले त्याहून कमी. आता दर आठवड्याला शिट्टी कुठून आणायची?

पैशांचं म्हणाल, तर स्पॉटिफायवर एका ऐकण्याला अमुक पैसे असा बांधलेला दर नसतो. जमलेल्या रकमेतून वाटा पडतो. त्यातही २०२४ पासून नियम असा, की आधीच्या १२ महिन्यांत गाणं १,००० वेळा तरी ऐकलं गेलेलं नसेल, तर त्याचा वाटाच निघत नाही. आमची दोन गाणी त्या रेषेच्या वर आहेत, बाकीची खाली. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा हवा असेल तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास लोकांनी बघितलेलं हवं. रीलचे तीन लाख तिथे कामाला येत नाहीत. शब्द आणि चाली आमच्याच, म्हणून गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी मिळवून देणाऱ्या आयपीआरएसचं सदस्यत्व मात्र घेतलंय. १९६९ पासूनची संस्था आहे, म्हणजे निदान तिच्यावर तरी तुमचा विश्वास बसेल.

तुमचे मित्र म्हणाले तसे पैसे घेऊन आकडे वाढवून देणारे असतात, आम्हालाही एकाने ‘पॅकेज’ सांगितलं. नको म्हटलं. असले आकडे पकडले गेले की गाणंच उतरवलं जाऊ शकतं, आणि फुगलेल्या आकड्यांतला एकही माणूस शोला येऊन खुर्चीवर बसत नाही.

म्हणून गेल्या वर्षापासून मी वेगळं काम धरलंय. आईची पापड-कुरडयांची वही आठवा. कोणाला हिंग नको, कोणाचा मुलगा मेमध्ये अमेरिकेहून येतो, सगळं त्यात. आईने कधी जाहिरात केली नाही, पण फेब्रुवारी संपायच्या आत ऑर्डरी भरलेल्या. तशीच आमची यादी: नाव, गाव, ईमेल, कुठल्या शोला आले होते, काय म्हणाले. शो संपला की बाकीचे वायरी गुंडाळतात आणि मी वही घेऊन दाराशी उभी राहते. नवं गाणं यायचं असलं की आधी या लोकांना कळवते. रील उद्या चालो न चालो, इन्स्टाग्रामने नियम बदलो, यादी आमच्याकडे राहते. टिकटॉक जून २०२०मध्ये एका रात्रीत बंद झालं तेव्हा तिथल्या कितीतरी जणांचे लाखभर चाहते असेच गेले.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. मॅरिलियन नावाचा इंग्लंडचा बँड आहे. १९९७मध्ये त्यांना अमेरिकेचा दौरा परवडत नव्हता. तिथल्या चाहत्यांनी इंटरनेटवरून आपापसात सुमारे ६० हजार डॉलर जमवले आणि बँडला बोलावून घेतलं. पुढे २००१च्या अल्बमसाठी १२ हजारांवर लोकांनी तो रेकॉर्ड व्हायच्या आधीच पैसे भरले. तेव्हा ना फेसबुक होतं ना यूट्यूब. आपल्याकडे दिल्लीचा ब्लडीवुड घ्या. सुरुवात यूट्यूबवरच्या गमतीच्या व्हिडिओंपासून, आणि २०१९मध्ये जर्मनीच्या वाकन महोत्सवात ढोल घेऊन उभे. तो आरडाओरडा तुम्हाला सोसणार नाही बाबा, पण ढोल आवडेल.

आमची झेप एवढी नाही. गाणं कुठल्या शहरात ऐकलं जातंय हे स्पॉटिफाय दाखवतं. नाशिक पुण्याच्या खालोखाल निघालं, तेव्हा कुठे तिथे शो घेण्याची हिंमत केली. जायचा-यायचा खर्च निघाला, टी-शर्ट विकले गेले ते वरकड. फ्रँकफर्टच्या एका मराठी माणसाने बँडकॅम्पवर, म्हणजे बँड आपली गाणी थेट विकतात त्या साइटवर, आम्ही लावलेल्या किमतीच्या दुप्पट पैसे देऊन अल्बम घेतला. बँडकॅम्प अशा विक्रीतून १५ टक्क्यांच्या आसपास कापतं, उरलेले आमचे. आणि आई, नोकरी सोडलेली नाही, सोडणारही नाही इतक्यात.

आता कामाचं. नव्या गाण्यात सुरुवातीपासून तंबोरा आहे, मिरजेचाच. २०२४मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक (जीआय) मानांकन मिळालं, तेव्हा बाबांनी पेपरचं कात्रण पाठवलं होतं ते माझ्याकडे आहे. या गाण्याचा व्हिडिओ सतारमेकर गल्लीतच करायचा विचार आहे. भोपळा कापण्यापासून तारा चढेपर्यंतचं काम दाखवायचं, आम्ही मागे कुठेतरी. बाबा, तुमच्या ओळखीचे जे कारागीर आहेत त्यांना विचारून ठेवाल का? दुकानात उजेड सकाळी चांगला असतो की दुपारनंतर, आणि त्यांच्या कामाचा खोळंबा न होता आम्ही चौघं कुठे मावू, एवढं कळलं तरी पुरे. दिवसाची मजुरी आम्ही देऊ, हे आधीच स्पष्ट सांगा. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी विचार व्हावा म्हणून गाणं यायच्या निदान सात दिवस आधी ते त्यांच्या संपादकांकडे धाडावं लागतं, म्हणजे शूटिंग त्याच्याही आधी उरकायला हवं. तेव्हा लवकर कळवा.

मुक्ता

ता. क. आई, टी-शर्ट मीडियम पाठवू की लार्ज? बाबांना विचारू नकोस, ते नको म्हणतील.