जेवणाचा खाडा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात विद्यार्थ्यांच्या आहाराविषयीचा लेख वाचला. सकाळी भिजवलेले बदाम खावेत, न्याहारी टाळू नये, रात्रीचे जेवण आठच्या आत उरकावे, जेवताना मोबाइल बाजूला ठेवावा, हा सल्ला रास्त आहे आणि त्यातील एकाही वाक्याशी माझा वाद नाही. मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसची साडेचार वर्षे पूर्ण करून सध्या आंतरवासिता (इंटर्नशिप) करते आहे, आणि जवळजवळ हाच सल्ला बाह्यरुग्ण विभागात रोज कितीतरी रुग्णांना देते. तो देत असताना सकाळपासून माझ्या स्वतःच्या पोटात काय गेलेले असते, याची विचारपूस सहसा कोणी करत नाही. एकदा मात्र ती झाली, आणि हे पत्र लिहिण्याचे मूळ तिथे आहे.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना आता अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जवळच्या गावातील काही कुटुंबे दत्तक दिली जातात. त्या कुटुंबांचे वजन, रक्तदाब, लसीकरण यांच्या नोंदींबरोबर आहाराचीही पाहणी करावी लागते. तिची रीत अशी, की गेल्या चोवीस तासांत घरात कोणी काय काय खाल्ले हे आठवून सांगायला लावायचे, ठरावीक मापाची वाटी आणि चमचा समोर ठेवून प्रमाण विचारायचे आणि त्यावरून उष्मांक, प्रथिने, लोह यांचा हिशेब मांडायचा. माझ्या वाट्याच्या एका घरातील आजींनी मला न अडखळता सांगितले: सकाळी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, दुपारी मेथीची भाजी, भाकरी, कांदा आणि ताक, संध्याकाळी मुगाची आमटी आणि भात. मी लिहून घेतले. मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आन् तू काय खाल्लंस गं पोरी? तोंड किती उतरलंय तुझं.” मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. त्या रात्री खोलीवर येऊन तोच कोरा तक्ता स्वतःसाठी भरला.

पाच कप चहा, अर्धा पुडा बिस्किटे, उभ्या उभ्या खाल्लेला एक वडापाव, एक केळे आणि रात्री साडेअकराला मॅगी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी प्रौढ माणसासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केलेली आहे. माझे वजन 55 किलो, म्हणजे मला रोज सुमारे 46 ग्रॅम प्रथिने हवीत. माझ्या तक्त्याची बेरीज कशीबशी 25 च्या आसपास आली. पालेभाजी शून्य. कडधान्य शून्य. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे आणि भाज्या सुचवते. माझ्या नावावर एक केळे होते. साखर मात्र एकट्या चहातूनच 40 ग्रॅमच्या घरात गेली होती. ज्यांच्या कुटुंबाला मी आहाराविषयी मार्गदर्शन करणार होते, त्या आजींचे ताट माझ्या ताटापेक्षा सर्व बाजूंनी सरस होते.

हे अज्ञानातून झाले, असे कोणी म्हणू शकणार नाही. पहिल्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या बोटाला सुई टोचून स्वतःचे हिमोग्लोबिन मोजावे लागते. साहलीच्या नळीत आम्ल घ्यायचे, पिपेटने 20 घन मिलिमीटर रक्त ओढून त्यात सोडायचे, थोडा वेळ थांबायचे, आणि मग थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत ढवळत राहायचे. आमच्या टेबलावर सहा मुली होत्या. तिघींचा रंग 12 च्या (म्हणजे दर 100 मिलिलिटर रक्तात 12 ग्रॅमच्या) खालीच जुळला, आणि स्त्रियांमध्ये 12 च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, हे त्याच तासाला फळ्यावर लिहिलेले होते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तो आकडा आम्ही पुढे परीक्षेत लिहिला, पण त्याची ओळख आधी आमच्याच बोटातून झाली होती. जेवणाला लागून घेतलेल्या चहामुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते आणि लिंबू पिळल्याने ते वाढते, हेही आम्हाला पाठ आहे. तरीही जेवण झाल्याझाल्या चहाच्या टपरीवर सर्वांत मोठा घोळका आमचाच असतो, कारण पुढचे चार तास जागे राहण्याची दुसरी सोय नसते.

म्हणजे अडते ते कुठे? वेळ मिळत नाही, असे उत्तर सगळेच देतात आणि मीही बरीच वर्षे देत आले. पण आंतरवासितेत तीन महिने एक साधी वही ठेवल्यावर माझ्या लक्षात आले, की जेवायला लागणारी वीस मिनिटे बहुतेक दिवशी मिळतात. ती मिळतात तेव्हा जेवण नसते. आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये न्याहारी सकाळी साडेसातला सुरू होते, आणि आम्हाला राऊंडच्या आधी वॉर्डातील रक्ताचे नमुने गोळा करायचे असल्याने साडेसातला आम्ही वॉर्डात असतो. दुपारचे जेवण साडेबारा ते दोन. शस्त्रक्रिया विभागात असताना दोनच्या आत मोकळे झाल्याचे माझ्या वहीत आठवड्यातून सरासरी दोनच दिवस दिसते. रात्री नऊला मेसचे शटर खाली येते. प्रसूतिकक्षातील किंवा अपघात विभागातील पाळी त्या वेळी भरात असते. रविवारी संध्याकाळी मेस बंद, हा तर महाराष्ट्रातील बहुतेक मेसचा अलिखित नियमच आहे, आणि रुग्णालयाला रविवार नसतो.

त्यातून खाड्याचा नियम. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी शिक्षणाच्या काळात मेसचा डबा खाल्ला आहे, त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. आमच्याकडे सलग चार दिवस आधी कळवून गैरहजर राहिले, तरच खाडा धरला जातो आणि तेवढे पैसे वळते होतात. ड्युटीमुळे एक दिवसाआड दुपारचे जेवण बुडाले, तर त्याचा खाडा नाही. माझ्या वहीप्रमाणे एका महिन्यात माझी 27 जेवणे बुडाली, त्यांतील एकाचाही खाडा धरला गेला नाही, आणि त्याच महिन्यात मी वडापाव, भुर्जी, बिस्किटे यांवर वेगळे पैसे खर्च केले. न खाल्लेल्या भाजीभाकरीचे पैसे भरायचे आणि खाल्लेल्या तळणाचेही भरायचे, असा हा दुहेरी व्यवहार आहे. वडापावला मी दोष देत नाही. दुपारी साडेतीनला, रुग्णालयाच्या फाटकाबाहेर, तीन मिनिटांत पोट भरून देणारा तो एकटाच पदार्थ आहे, आणि हे काम खरे तर आमच्या मेसने करायला हवे होते.

मुलींच्या वसतिगृहाची तर आणखी एक अडचण आहे, जिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. रात्री दहानंतर आमचे फाटक बंद होते. मुले निदान भुर्जीच्या गाडीवर जाऊन दोन अंडी खाऊन येतात. ड्युटीवरून साडेदहाला परतलेल्या मुलीला नोंदवहीत सही करून आत घेतात, पण खाण्यासाठी पुन्हा बाहेर जाऊ देत नाहीत; आणि खोलीत विजेची किटली सापडली तर ती जप्त होते, कारण वायरिंग जुने आहे. वायरिंगची भीती खरी आहे, हे मी मान्य करते. पण मग मजल्यावर एक सामाईक ओटा, एक फ्रीज आणि एक सुरक्षित जोडणी का देता येत नाही? माझ्या खोलीच्या खिडकीच्या गजाला बांधलेली मटकीची पुरचुंडी पाहून एका तपासणीच्या वेळी मला “हे काय?” असे विचारण्यात आले होते. मोड येत आहेत, असे मी सांगितले. पुरचुंडी राहिली, किटली गेली, आणि मोड आलेली मटकी आम्ही चौघींनी मीठ-लिंबू लावून कच्चीच खाल्ली.

उपाशी राहण्याचे परिणाम दूरचे आहेत असेही नाही. शस्त्रक्रियागृहात पहिल्यांदा दोन-तीन तास रिट्रॅक्टर (जखमेच्या कडा बाजूला ओढून धरण्याचे उपकरण) धरून उभे राहिलेल्या विद्यार्थ्याला घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, हे प्रत्येक तुकडीत घडते. रक्त पाहून घाबरला, म्हणून त्याची चेष्टा होते. त्याने सकाळपासून काही खाल्ले होते का, एवढा प्रश्न आधी विचारला, तर बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडेल. जुन्या परिचारिकांना हे ठाऊक असते, आमच्या एका सिस्टर शस्त्रक्रियागृहाच्या दारातच “खाऊन आलात का?” असे विचारत आणि नाही म्हटले की पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढून हातावर ठेवत. वरिष्ठांच्या पिढीत मात्र अजूनही असे मानणारे आहेत, की जेवायला जाऊ का, हे विचारणाऱ्या मुलाला कामाची ओढ नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने 2024 साली निवासी डॉक्टरांना आठवड्याला 74 तासांहून अधिक काम देऊ नये आणि आठवड्याची एक सुट्टी द्यावी, अशी शिफारस केली. त्या 74 तासांत माणसाने जेवायचे कधी आणि कुठे, हेही प्रत्येक महाविद्यालयाने आपल्यापुरते ठरवायला हवे.

मेस चालवणाऱ्या काकांची बाजूही मी ऐकली आहे. दोनशे ताटांचा अंदाज बांधून स्वयंपाक करायचा, त्यांतली साठ ताटे कोणी उचलायची नाहीत, उसळ केली तर मुले तोंड वाकडे करतात आणि पनीर नसले तर तक्रार करतात, आचाऱ्याला दोन पाळ्यांचा पगार परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. सगळ्या भाज्यांत बटाटा घुसतो तो याच हिशेबामुळे. तेव्हा त्यांना खलनायक ठरवून काही साधणार नाही.

मराठी घरात उशिरा येणाऱ्यासाठी ताट झाकून ठेवतात. माझी मागणी मुळात एवढीच आहे. ड्युटीची यादी आदल्या दिवशी तयार असते. ती वॉर्डात लागते, तशीच संध्याकाळपर्यंत मेसमध्येही पाठवली, तर कोणाची ताटे झाकायची, हे काकांना आधी कळेल आणि त्यांचे अन्नही वाया जाणार नाही. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवणे धोक्याचे आहे, बॅसिलस सिरियस नावाचा जीवाणू त्यात वाढतो, हे सूक्ष्मजीवशास्त्रात आम्हीच शिकलो आहोत. म्हणून झाकलेल्या ताटात भात नको. भाकरी किंवा पोळी, सुकी उसळ, चटणी, काकडी आणि फ्रीजमधले दही एवढे पुरे. ज्यांचे नाव ड्युटीच्या यादीत आहे आणि ज्यांनी ताट उचलले नाही, त्यांचा एका जेवणाचाही खाडा धरावा.

दुसरी गोष्ट याहून सोपी वाटते. मोठ्या शासकीय रुग्णालयांत रुग्णांसाठी सहसा स्वतःचे स्वयंपाकघर असते. सकाळी वॉर्डात ढकलगाडी फिरते तेव्हा रुग्णाला दूध आणि उकडलेले अंडे मिळते, आणि त्याच खाटेशेजारी रिकाम्या पोटी उभी राहून मी त्याचा रक्तदाब घेत असते. त्याच स्वयंपाकघरातून, योग्य ते पैसे घेऊन, पाळीवरील विद्यार्थ्यांना आणि आंतरवासितांना दोन अंडी, एक केळे आणि वाटीभर खिचडी मिळाली, तर नवी यंत्रणा उभी करावी लागणार नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण रुग्णालये आणि महाविद्यालये यांच्या आवारांना ‘ईट राइट कॅम्पस’ असे प्रमाणपत्र देते. दर्शनी भिंतीवर असे प्रमाणपत्र लावण्याची हौस अधिष्ठात्यांना असतेच. त्या निमित्ताने तरी रात्री दहानंतर त्या आवारात खाण्यासारखे काय मिळते, याची एक फेरी मारून पाहावी.

हे होईपर्यंत आमचे आम्ही काय करतो, तेही सांगते, कारण नव्या तुकडीतील मुली मला हेच विचारतात. एप्रनच्या डाव्या खिशात मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा; 30 ग्रॅम शेंगदाण्यांत सात-साडेसात ग्रॅम प्रथिने असतात आणि दोन रुग्णांच्या मधल्या वेळात ते खाऊन होतात. कागदाच्या पुडीत फुटाणे. घरून येताना पैसे कमी आणले तरी चालतील, पण जवसाची आणि शेंगदाण्याची चटणी आणि नाचणीचे लाडू आणावेत. चहा जेवणाला लागून न घेता तासाभराने घ्यावा. हे मला स्वतःला आठवड्यातून तीनच दिवस जमते. आमच्या वडिलांच्या पिढीत तालुक्याला शिकणाऱ्या मुलांचे डबे गावाहून एस.टी.ने येत, ड्रायव्हर स्टँडवर हाक मारून डबा हातात देई. आमच्या गावाची गाडी आता दिवसातून एकदाच सुटते आणि ती येते तेव्हा मी वॉर्डात असते.

पुढील महिन्यात आमच्या मेस समितीची बैठक आहे. तीन महिन्यांची वही मी तिथे नेणार आहे, आणि इतर महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीही निदान एक महिना अशी वही ठेवावी, एवढी विनंती आपल्या दैनिकातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी, म्हणून हा पत्रप्रपंच. त्या आजींकडे पुढची भेट पंधरा दिवसांनी आहे. त्या पुन्हा विचारणार, हे नक्की.

आपली विश्वासू,
एक आंतरवासिता डॉक्टर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)