बोहोल एका दिवसात उरकू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

फिलिपिन्सने जून 2025 पासून भारतीय पर्यटकांना 14 दिवस व्हिसाशिवाय राहण्याची मुभा दिली. तेव्हापासून मराठी सहलींच्या पत्रकांत मनिला, सेबूच्या जोडीला बोहोल हे नाव दिसू लागले आहे. पण या बेटप्रांताच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी एकच दिवस येतो. सकाळी टार्सिअर हा मोठ्या डोळ्यांचा मूठभर प्राणी, दुपारी लोबोक नदीत तरंगते जेवण, मग चॉकलेट हिल्स या टेकड्या आणि दिवेलागणीला परत किनाऱ्यावर. बोहोलचे मुख्य बेट सुमारे 3,800 चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे गोवा राज्याहून किंचित मोठे. या घाईत बेट दिसत नाहीच, शिवाय तिथल्या सर्वांत नाजूक प्राण्याला त्रास होतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

बोहोल समजून घ्यायचे तर एक शब्द पुरतो: चुनखडी. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला, म्हणून आपल्या डोंगरांना सपाट माथे, पायऱ्यांसारखे टप्पे आणि सरळ कडे आहेत. बोहोलचा मोठा भाग मात्र समुद्रतळाशी साचलेल्या प्रवाळ-शिंपल्यांचा आहे. जमीन वर उचलली गेली आणि पावसाने तिला हात घातला. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य आम्ल बनते आणि चुनखडी विरघळवते. ते आधी भेगांत शिरते, भेगा रुंदावतात, त्यांच्या मधले उंचवटे उरतात. चॉकलेट हिल्स म्हणजे हे उरलेले उंचवटे. कार्मेन, बातुआन, साग्बायान आणि आसपासच्या गावांत 50 चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रावर त्या पसरल्या आहेत. मोजणी 1,260 पासून 1,776 पर्यंत सांगितली जाते, कारण कशाला स्वतंत्र टेकडी म्हणायचे यावर आकडा ठरतो. बहुतेक टेकड्या 30 ते 50 मीटर उंच, सर्वांत उंच सुमारे 120 मीटर. त्या ज्वालामुखीतून उसळल्या असे पर्यटकांना सर्रास सांगितले जाते, ते चूक आहे. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथे दगड जवळून पाहावा, त्यात शंख-शिंपल्यांचे आणि प्रवाळांचे ठसे मिळतात.

दुसरा गैरसमज रंगाचा. टेकड्या बारा महिने तपकिरी नसतात. माथ्यावर माती पातळ आणि पाणी झिरपून जाणारे, त्यामुळे मोठी झाडे पायथ्याशी आणि वर गवत. ते उन्हाळ्यात वाळले की चॉकलेटी दिसते. छायाचित्रातला रंग हवा असेल तर एप्रिल-मे गाठावा. जुलैत जाऊन टेकड्या हिरव्या निघाल्या म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही, हिरव्याही त्या देखण्याच असतात.

रंगाहून महत्त्वाची आहे वेळ. एकदिवसीय सहलीच्या गाड्या दुपारी दीड-दोनला कार्मेनच्या निरीक्षण मनोऱ्यावर पोहोचतात. तेव्हा ऊन डोक्यावर असते, टेकड्यांना सावली पडत नाही आणि डोळ्यांना सगळे सपाट दिसते. छायाचित्रे फसतात ती यामुळेच, कॅमेऱ्याचा दोष नसतो. ऊन तिरपे असले की प्रत्येक टेकडीची एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते आणि शंकूचा आकार उठून येतो. पहाटे तर मधल्या सखल भातखाचरांत धुके साचलेले असते आणि माथे तेवढे वर दिसतात. यासाठी आदल्या रात्री कार्मेन किंवा बिलारला मुक्काम हवा. राजधानी तागबिलारानपासून कार्मेन सुमारे 55 किलोमीटर आहे, वळणांमुळे दीड तास धरावा. मनोऱ्याला दोनशेहून अधिक पायऱ्या आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी त्या सकाळच्या गारव्यात चढाव्यात.

मार्च 2024 मध्ये या टेकड्यांच्या पायथ्याशी उभारलेल्या एका पोहण्याच्या तलावासह निवासाची चित्रफीत पसरली आणि फिलिपिन्सभर संताप उसळला. 1988 साली राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारक ठरलेल्या जागेत हे झालेच कसे, हा प्रश्न तिथल्या लोकांनी विचारला. कासच्या पठाराभोवतीची बांधकामे पाहणाऱ्या मराठी वाचकाला तो परका वाटू नये. 2023 मध्ये युनेस्कोने बोहोलला फिलिपिन्समधील पहिले जागतिक भूउद्यान म्हणून मान्यता दिली. अशी मान्यता मिळाली की गर्दी वाढते, आणि ती पेलण्याची शिस्त पर्यटकाकडूनही यावी लागते.

आता टार्सिअर, ज्याला तिथे मावमाग म्हणतात. पत्रकांत याला 'जगातले सर्वांत छोटे माकड' म्हणतात. तो माकड नव्हे. माकड, वानर आणि माणूस यांच्याशी नाते सांगणारी पण फार पूर्वी वेगळी झालेली ही शाखा आहे. वजन 80 ते 160 ग्रॅम, मूठभर जीव. एकेक डोळा जवळपास मेंदूएवढा. मांजराच्या डोळ्यात मागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, म्हणून ते अंधारात चमकतात. टार्सिअरला तो नाही. ती उणीव त्याने डोळ्यांचा आकार वाढवून भरून काढली. असे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून तो मान दोन्ही बाजूंना 180 अंशांपर्यंत वळवतो. आहार पूर्ण मांसाहारी: किडे, कोळी, लहान पाली. एकेक नर हेक्टरभराहून मोठ्या टापूत रात्रभर एकटा शिकार करतो आणि दिवसा झोपतो.

म्हणजे आपण त्याला पाहायला जातो ती त्याची रात्र असते. रस्त्याकाठच्या काही ठिकाणी थोड्या जागेत अनेक टार्सिअर फांद्यांवर ठेवलेले असतात आणि त्यांच्यासमोरून दिवसभर रांग सरकते. एकट्याने राहणाऱ्या प्राण्याला ही दाटी मानवत नाही. फ्लॅश, बोलणे, फांदी हलवणे यांचा ताण वेगळाच. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कळले की तो 70 किलोहर्ट्झच्या आसपास आवाज काढतो. माणसाचा कान 20 किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो. पर्यटकांना 'जांभई देतोय' असे वाटते तेव्हा तो ओरडत असू शकतो आणि ते आपल्या कानांपर्यंत येतच नाही. या एका माहितीने तरी हातातला फ्लॅश बंद व्हावा.

म्हणून कोरेल्या गावच्या अभयारण्यात जावे. तागबिलारानपासून ते जवळच आहे. तिथे मार्गदर्शकामागून जंगलातल्या पायवाटेने चालायचे, तो दाखवेल तिथे थांबायचे, कुजबुजही टाळायची. कदाचित एकच टार्सिअर दिसेल, तोही पानाआड. सकाळी लवकर पोहोचावे, गाड्यांची लाट नंतर येते. लहान मुलांना गाडीतच समजावून ठेवावे.

कोरेल्याहून लोबोक आणि पुढे बिलार. लोबोक नदीचे पाणी हिरवेगार आहे आणि काठ नारळी-निपा ताडांनी झाकलेले. तरंगत्या उपाहारगृहात जेवणापेक्षा गाणे मोठे असते. ज्यांना नदी ऐकायची आहे त्यांनी वल्ह्याची नाव भाड्याने घ्यावी. बिलारच्या वाटेवर दोन किलोमीटर महोगनीचे 'मानवनिर्मित जंगल' लागते. सावली सुरेख, पण ही झाडे अमेरिकेतून आणलेली आणि एकाच जातीची. त्यांच्याखाली इतर काही फारसे उगवत नाही, पक्षीही कमी. आपल्या टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाची आठवण यावी असेच. छायाचित्रासाठी लोक वळणावर रस्त्याच्या मधोमध उभे राहतात, ते जिवावर बेतू शकते. खरे जंगल शेजारी, राजा सिकातुना संरक्षित क्षेत्रात आहे. पक्षी पाहणाऱ्यांनी तिथे एक पहाट द्यावीच. चामड्याचा पडदा पसरून झाडावरून झाडावर तरंगणारा कोलुगो याच रानातला.

रात्रीसाठी कोर्तेस गावाजवळची आबातान नदी. भंडारदऱ्याच्या काजव्यांसाठी आपल्याला मे अखेर ते पावसाची पहिली सर एवढाच काळ मिळतो. इथे खारफुटीतले काजवे वर्षभर दिसतात. ते विशेष करून पगतपत नावाच्या झाडावर जमतात. हे झाड म्हणजे आपली पांढरी चिप्पी, महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्य कांदळवृक्ष म्हणून निवडलेली. पौर्णिमेच्या आसपास आणि पावसात काजवे फिके पडतात, म्हणून तारीख ठरवताना पंचांग बघावे. विजेरी पाण्याकडे धरावी, झाडावर मुळीच नाही.

पांगलाओ हे पुलाने जोडलेले छोटे बेट. विमानतळ 2018 पासून तिथेच आहे आणि बहुतेकांचा मुक्कामही. इथलीही जमीन चुनखडीची. पाणी वर थांबत नाही, खाली उतरते, म्हणून दाऊइसजवळ हिनाग्दानान गुहेत छताच्या भोकांतून उजेड पडणारे तळे सापडते. नावाचा अर्थच शिडीची गुहा. पण अशा दगडात वरचे सांडपाणीही न गाळता खाली पोहोचते, म्हणून तळे बाहेरून पाहून परतणे बरे. गोडे पाणी तिथे जपून वापरावे लागते, हे हॉटेलात नळ सोडताना लक्षात असावे.

बालिकासाग बेटाभोवती कासवे आणि प्रवाळाचा सरळ कडा आहे. तिथे रोज किती जणांना पाण्यात उतरू द्यायचे यावर मर्यादा असते, म्हणून आदल्या दिवशी नोंदणी करावी आणि पहाटेची होडी घ्यावी. दुपारी वारा उठतो, पाणी गढूळ होते. पोहता न येणाऱ्याने जाकीट काढू नये. कमरेएवढे पाणी पाहून चार हात पुढे गेले की उथळ भाग संपतो आणि तळ दिसेनासा होतो. घाबरलेला माणूस पाय टेकायला आधार शोधतो आणि प्रवाळावर उभा राहतो. मालवणलाही नेमके हेच होते. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढते. उतरण्यापूर्वी दहा मिनिटे उथळ पाण्यात नळीने श्वास घेण्याचा सराव केला तर हे टळते. उन्हापासून बचावासाठी मलमापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा बरा.

हवामानाचेही सांगायला हवे. जून ते ऑक्टोबर हबागात, म्हणजे नैर्ऋत्य वारे. तेव्हा पांगलाओचा दक्षिण किनारा खवळलेला असतो. वादळे डिसेंबरातही येतात: 16 डिसेंबर 2021 च्या ओडेट वादळाने बोहोल आठवडेच्या आठवडे अंधारात ठेवले. वादळाचा पहिल्या पातळीचा इशारा लागला तरी सेबूहून येणाऱ्या बोटी थांबतात. एरवी ही बोट दोन तासांत पोहोचवते. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी सेबूत असावे, त्याच दिवशी बोट घेऊन विमान गाठण्याचा बेत आखू नये.

15 ऑक्टोबर 2013 च्या 7.2 तीव्रतेच्या भूकंपात दोनशेहून अधिक माणसे गेली. लोऑन आणि मारिबोहोकची जुनी दगडी चर्चे कोसळली. इनाबांगात शेतातून जमीन उचलली जाऊन भिंतच उभी राहिली, ती आजही पाहता येते. तिथे ज्यांची घरे पडली ते लोक भेटतात, बोलताना भान ठेवावे.

शाकाहारी मंडळींनी 'वालाय कार्ने, वालाय इस्दा' हे शब्द पाठ करावेत: मांस नको, मासा नको. तरीही भाजीच्या रश्शात सुकी मासळी किंवा कोळंबी असू शकते, स्वयंपाकघरात विचारून घ्यावे. आतल्या गावांत कार्ड चालत नाही, पेसो जवळ हवेत. दुचाकी भाड्याने घेणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा आणि तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात हे विसरू नये. आपल्या माणसाची चूक बहुधा चौकात वळताना होते, कारण हात सवयीने डावीकडे ओढतो.

आपल्या पर्यटन पुरवणीला विनंती की बोहोलवर लिहिताना किमान तीन रात्री सुचवाव्यात आणि त्यातली एक किनाऱ्यापासून दूर, टेकड्यांच्या मुलखात. वाचकांनी सहलीचे पैसे भरण्याआधी आयोजकाला दोन प्रश्न विचारावेत: टार्सिअर कुठे दाखवणार, आणि टेकड्यांवर किती वाजता पोहोचवणार?

आपले,
निसर्गभ्रमंती करणारे काही वाचक, ठाणे