पाठ फिरवणाऱ्या डॉक्टरबाईंना

सप्रेम नमस्कार डॉक्टर,

आधी एक कबुली देतो. आईला पहिल्यांदा घेऊन आलो तेव्हा काउंटरवर मी काकूंना विचारलं होतं, "मोठे डॉक्टर नाहीत का? त्या नवीनच बघणार?" केबिनचं दार उघडं होतं. तुम्ही ते ऐकलंत, हे मला तेव्हाच कळलं. तरी दारात येऊन तुम्ही फक्त "या आजी" म्हणालात. माझ्याकडे पाहिलंही नाहीत, बरं केलंत.

आमचंही थोडं समजून घ्या. माझी दुधाची दाढ मोठ्या डॉक्टरांनी काढली आणि माझ्या मुलीची अक्कलदाढही त्यांनीच. सातारा सोडून गेलेली पोरं दिवाळीला आली की दात दाखवायला याच जिन्यानं वर चढतात. काकूंना प्रत्येकाचं घरातलं नाव पाठ. अशा घरात नवीन माणूस आलं की पेशंटच सासूसारखे वागतात. ती सासू मीही झालो होतो.

मोठ्या डॉक्टरांचं मणक्याचं दुखणं निघालं आणि दवाखाना काही महिने बंद राहिला. नेमक्या त्याच काळात आईचे उरलेसुरले दात हलायला लागले आणि आम्ही दुसरीकडे गेलो. नाव घेत नाही, घ्यायची लायकीही नाही. पुण्यातल्या एका चकचकीत ठिकाणी आईनं तोंड उघडायच्या आत इम्प्लांटचं एस्टिमेट छापून हातात आलं. पुढे जिथे दात काढून कवळी केली, तिथल्या साहेबांनी खुर्चीवर आडव्या पडलेल्या माझ्या शहात्तर वर्षांच्या आईला असिस्टंट आणि दोन पेशंटांसमोर ऐकवलं, "मिशेरी लावताना विचार करायचा होता." आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

मिशेरी तिनं लावली, खरं आहे. आमच्या गावात तेव्हा सगळ्याच बायका लावायच्या. पहाटे चुलीवर तव्यात तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटानं हिरड्यांना घासत अंगणात बसायचं. दिवसभरात बाईला स्वतःसाठी मिळणारी तेवढीच दहा मिनिटं. राज्यात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीला कोण बंदी घालणार? तुम्हीही मिशेरीचं विचारलंत. पण आधी गालाच्या आतून, जिभेखालून बोट फिरवून, बॅटरी धरून सगळं नीट पाहिलंत, "पांढरा चट्टा कुठे नाही, हे चांगलं आहे" असं सांगितलंत आणि मग म्हणालात, "आता सोडाल ना आजी?" तिनं सोडली. निदान मला दिसेल अशी तरी लावत नाही.

ती आधीची कवळी बोलताना उचलली जायची. तक्रार घेऊन गेलो तर "सवय होईल." पुन्हा गेलो तरी "सवय होईल." शेवटी ती स्टीलच्या डबीत घालून देवघराच्या फळीवर ठेवली गेली. भाकरी दुधात कुस्करून खायची आणि तोंडाला कायम पदर. कोणी येणार असलं किंवा बाहेर जायचं असलं तरच कवळी घालायची. भाचीच्या लग्नाला मात्र ती गेलीच नाही. गुडघे दुखतात म्हणाली.

हे सगळं तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणूनच पुढचं लिहितोय.

त्या पहिल्या दिवशी तुम्ही मला बाहेर बसायला सांगितलंत. मला राग आला. आत काय झालं ते परत येताना पोवई नाक्याजवळ रिक्षात आईनं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "आजी, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. कवळी काढून या वाटीत ठेवा आणि तयार झालात की हाक मारा." आणि खरंच पाठ करून उभ्या राहिलात. असिस्टंट मुलीलाही पाठ करायला लावलीत. आई म्हणाली, "बराच वेळ लागला रे मला. ती हलली नाही."

डॉक्टर, माझे वडील गेले तोपर्यंत आईचे बरेच दात पडले होते. त्यांच्यासमोरही ती पदराआडूनच हसायची. बिनदातांचं तोंड तिनं आम्हा कोणालाच दाखवलं नव्हतं. बीडीएसच्या चार वर्षांत किंवा वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये भिंतीकडे तोंड करून उभं राहायला शिकवतात का, मला माहीत नाही. घरातूनच घेऊन आला असाल.

पुढच्या चार-पाच खेपांचं काय सांगू? मापं झाली, मेणावरची ट्रायल झाली. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं आणि खालच्या कवळीला जीभ सारखी ढकलत असते, म्हणून तीच जास्त हलते, हे तुम्ही आईला समजेल असं सांगितलंत. मला नाही, आईला. नवी कवळी टोचते म्हटल्यावर आतून पांढरी पेस्ट लावून बसवलीत, काढलीत आणि जिथली पेस्ट पुसली गेली होती तिथेच घासलीत. तीन वेळा केलंत हे. "स" नीट येतो का बघायला काहीतरी म्हणा, असं सांगितल्यावर आईनं सातचा पाढा सुरू केला. बाहेर बाकावर मला ऐकू येत होता. चौथी शिकलेली बाई, सात दाहे सत्तरपर्यंत थांबली नाही. काकू काउंटरवरून म्हणाल्या, "पावकी पण म्हणायला लावा." मोठे डॉक्टर पट्टा बांधून तिथेच खुर्चीत बसले होते. माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवल्या त्यांनी.

खालच्या पाटीवर तुमचं नाव आलेलं पाहिलं. रंग अजून ओला दिसतोय. आमच्या दवाखान्यात तुमचं स्वागत, जरा उशिरानं. सोबत कंदी पेढे पाठवलेत. दातांच्या डॉक्टरांना पेढे काय द्यायचे म्हणून मी कचरत होतो, पण आईनं ऐकलं नाही.

रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा, असं तुम्ही सांगितलं होतंत. त्यासाठी ती रोज खोलीचं दार लावून घ्यायची. परवा मी पाणी प्यायला उठलो तर दार उघडं होतं. आई पलंगावर बसलेली, वाटी शेजारच्या स्टुलावर. माझी चाहूल लागली तरी हात पदराकडे गेला नाही.

"काय बघतोस? झोप जा," म्हणाली.

तुमच्या पेशंटचा मुलगा,
सातारा