दप्तरदिरंगाई म्हणजे लालफीत नव्हे

‘लालफितीचा कारभार’ हा लेख वाचला. त्यात लालफीत आणि दप्तरदिरंगाई हे शब्द एकाच अर्थाने आले आहेत, ते खटकले. नियमांच्या गुंत्यात काम अडते ती लालफीत. सगळी पूर्तता होऊनही फाइल टेबलावर पडून राहते ती दप्तरदिरंगाई. ती रोखण्यासाठी महाराष्ट्रात 2005 चा कायदा आहे. एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. म्हणून तक्रारीत नुसती ‘लालफीत’ लिहून भागत नाही. आवक क्रमांक आणि फाइल कोणत्या टेबलावर कधी आली, कधी हलली, हे लिहावे. माहिती अधिकारात फाइलमधल्या टिप्पणीच्या, म्हणजे कर्मचारी-अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांच्या, पानांच्या प्रती मागाव्यात. सह्यांखालच्या तारखांवरून दिरंगाई कोणाची ते कळते.

– एक वाचक