चेन आवळली तुमच्या गनने, दोष माझ्या तंबूला

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: सर्व्हिसमध्ये मोटरसायकलची चेन जास्त आवळल्यामुळे गिअरबॉक्सचे नुकसान व नाकारलेली वॉरंटी

आज दुपारी तुमच्या अमरावतीच्या सर्व्हिस मॅनेजरशी शेवटचं बोलणं झालं. यापुढे फोन करणार नाही. जे आहे ते लिहून देतोय.

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी आटोपली, माल गेला, की डिसेंबरात मी मेळघाटात गाडी घेऊन जातो. यंदाचा रस्ता वरुड, मोर्शी, परतवाडा, घटांग, सेमाडोह, हरिसाल, धारणी असा ठरवला होता. येताना सेमाडोहवरून चिखलदऱ्याला चढायचं आणि धामणगाव गढीकडून खाली उतरायचं. जंगलात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, म्हणून मुक्काम धारणीच्या अलीकडे ओळखीच्या कोरकू कुटुंबाच्या शेतात, त्यांना आधी विचारून. परतवाड्यात टाकी फुल करायची, कारण पुढे पंपाचा भरवसा धरायचा नाही. तारांची चाकं म्हणजे ट्यूब आलीच, म्हणून दोन्ही मापांच्या ट्यूब, टायर लिव्हर, हातपंप, क्लच केबल, प्लग, सगळं घेतलं होतं. मागच्या टायरची हवा वाढवली, मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, दोन खाचा चढवला. सामान संत्र्याचे कॅरेट मोजतो त्या काट्यावर ठेवून पाहिलं. तंबू, चटई, स्टोव्ह, पाणी धरून 26 किलो.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतो की तुमच्या कागदावर मी बेपर्वा, हौशी माणूस म्हणून नोंदला गेलोय.

जाण्याआधी गाडी तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली, कारण वॉरंटी टिकवायची तर तिथेच द्यावी लागते. परत घेताना मी तिथल्या तिथे खाली वाकून चेनला बोट लावलं. प्ले, म्हणजे चेनची ढील, जवळजवळ नव्हताच. तुमच्या सल्लागाराला सांगितलं की चेन टाईट आहे, मागे सामान बांधायचंय. तो म्हणाला, ‘नवीन सेट केली आहे सर, चालली की आपोआप सैल होईल.’ जॉबकार्डवर ‘चेन अ‍ॅडजस्ट, ओके’ असं लिहिलं आहे. तुमच्याच मॅन्युअलमध्ये 25 ते 35 मिलिमीटर प्ले छापलाय. तो कशासाठी, हे गाडी बनवणाऱ्यांना मी सांगायची वेळ यावी का? वजन पडलं की मागचा शॉकअप दबतो, स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, वर येतो आणि चेनच्या दोन स्प्रॉकेटमधलं, म्हणजे दातेरी चक्रांमधलं, अंतर वाढतं. तेव्हा चेनला ढील लागते. ती नसली तर सगळा ताण गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या (चेन फिरवणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर येतो.

माझ्या गाडीत नेमकं तेच झालं. घटांगच्या पुढे खालून घरघर सुरू झाली. खड्ड्यात मागचं चाक दबेना, सरळ कमरेत दणका. सेमाडोहला उतरून पाहिलं तर सामानासह चेन तारेसारखी ताणलेली. सैल करायला पाना लावला, एक्सलचा नट हलेना. टॉर्च धरून पाहिलं. नटाचे दोन कोपरे गोल झालेले, धातूवर ताजे चकचकीत ओरखडे. तुमच्या माणसाने चुकीचा सॉकेट लावून गनने, म्हणजे नट आवळायच्या यंत्राने, तो नट आवळला होता. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराइतकाच नट आवळणारा पाना, वापरलाच नव्हता. जॉबकार्डवर मात्र ओके.

थंडीचे दिवस, ऊन लवकर उतरतं. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. अंधारात रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसण्याची ती जागा नव्हे. रेंज मिळाली तेव्हा तुमच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन लावला, ज्याचे पैसे मी आगाऊ भरलेत. समोरच्या मुलीला सेमाडोह सापडेना, हरिसालही सापडेना. ज्या हरिसालला 2016 मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजवलं, ते तुमच्या सिस्टिममध्ये नाही. मग तिने विचारलं, ‘सर, गाडी घेऊन जंगलात कशाला गेलात?’ आणि लगेच, ‘टोइंग 50 किलोमीटरपर्यंतच फ्री आहे, पुढचे चार्जेस लागतील.’ मी सायंकाळी एकटा रस्त्यावर उभा होतो. तेव्हा माझी गाडी कुठे आहे हे विचारायचं सोडून ती कशाला नेली हे विचारलं गेलं.

दहा-पंधराच्या वेगाने कसाबसा हरिसालला पोचलो. तिथे ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने पान्याला लांब पाइप लावला आणि सगळं अंग टाकून नट सोडवला. म्हणाला, ‘भाऊ, हा गनीनं आवळेल हाय. हातानं नाई सुटत असा.’ त्याने चेन सैल करून दिली आणि पैसे घ्यायलाही तयार नव्हता. पण तोवर पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखालून ऑइल गळत होतं. धारणी राहिली, चिखलदरा राहिला. दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये घालून गाडी परत आणली, भाडं माझ्या खिशातून.

आता आजच्या फोनबद्दल. वॉरंटी का नाकारली हे विचारायला मी फोन केला होता. मॅनेजर म्हणाले, ‘ऑफ-रोड वापर आणि ओव्हरलोड.’ मी म्हटलं, परतवाडा-धारणी हा डांबरी रस्ता आहे, तिथून रोज एसटी जाते. ते म्हणाले, ‘कॅम्पिंगला नेली हे तुम्हीच कॉलवर बोललात, रेकॉर्डिंग आहे.’ मी म्हटलं, सामान 26 किलो होतं, मागे माणूस बसवला असता तर साठ-सत्तर झालं असतं, मग दोन माणसं बसणं हाही ओव्हरलोड का? त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हसले. खरोखर हसले, मला ऐकू आलं. आणि म्हणाले, ‘काका, तुम्ही शेती करता ना? मग शेतीचं तुम्ही बघा, गाडीचं आमच्यावर सोडा.’ मी त्यांना सांगितलं की विहिरीवरची मोटर मी स्वतः उघडतो, ट्रॅक्टरचा क्लच मी स्वतः बदललाय, आणि तुमच्याकडच्या नटाचे गोल झालेले कोपरे पाहायला इंजिनिअर लागत नाही. ते म्हणाले, ‘बरं बरं, चेअरमनना सांगा मग.’ आणि फोन ठेवला.

शेती करतो म्हणून मला हसलात. ज्या जाहिरातीने मला ही गाडी घ्यायला लावली त्यात हीच गाडी मागे पिशव्या बांधून ओढ्यातून जाते, बाजूला तंबू दिसतो. तंबू दाखवून गाडी विकायची आणि तंबू नेला म्हणून वॉरंटी नाकारायची, याला मी फसवणूक म्हणतो. आमच्या घरात वडिलांपासून तुमच्याच गाड्या आहेत. गावात कोणी विचारलं तर मी तुमचंच नाव सांगत आलो. ते आता होणार नाही.

आणि पुन्हा सांगतो, चेन टाईट आहे हे मी गाडी ताब्यात घेतानाच सांगितलं होतं. मेळघाट सोडा, अमरावतीत बायकोला मागे बसवून बाजारात गेलो असतो तरी हेच बेअरिंग गेलं असतं, फक्त थोडं उशिरा.

मला आउटपुट शाफ्टचं बेअरिंग, ऑइल सील, चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट आणि मागचा एक्सल-नट विनामूल्य बदलून हवा आहे. पिकअपचं भाडं परत हवं. वॉरंटी नाकारण्याचं कारण लेखी हवं, सहीनिशी, आणि ज्या मॅनेजरने ते शेतीचं वाक्य उच्चारलं त्यांची लेखी माफी हवी. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवीन आणि अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या शहरात यावं लागत नाही, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. नटाचे, गळत्या ऑइलचे आणि जॉबकार्डचे फोटो सोबत जोडले आहेत. जुना नट मी जपून ठेवलाय, तो आयोगापुढेच दाखवीन. तुमच्या सर्व्हिस सेंटरच्या हाती देणार नाही.

तुमचा ग्राहक,
ता. वरुड, जि. अमरावती