पोळ्याआधीची बैठक : मुद्दा खर्र्याचा

गाव व्यसनमुक्ती समितीच्या सर्व सदस्यांना नमस्कार.

येत्या शनिवारी सायंकाळी 7 वाजता समाजमंदिरात बैठक आहे. निंदणावरून यायला उशीर होते, माहीत आहे, तरी या.

दारूवर आपण पुष्कळ बोललो. पण सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून खर्रा केला की त्याला कोणी व्यसन समजतच नाही. दारूविरुद्ध मोर्चा काढणाऱ्यांच्या खिशातही खर्रा असतो. (मागच्या वेळी माझ्याही होता.) सातवी-आठवीतल्या पोराला त्याची पहिली ओळख घरातूनच होते : "जा रे, एक खर्रा घेऊन ये." म्हणून पहिला ठराव हाच मांडणार आहोत, की लहान पोराला पानठेल्यावर पाठवायचं नाही.

ठेलेवाल्यांशी आधी गोडीनं बोलू. 18 वर्षांखालच्याला तंबाखू विकायला आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत विकायला 2003 च्या कायद्यानं बंदी आहे. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 77 प्रमाणे लहान मुलाला दारू किंवा तंबाखू दिल्यास 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दोन्ही गोष्टी कागदावर लिहून नेऊ.

तान्ह्या पोळ्याच्या सायंकाळी पोरांचे कबड्डी सामने ठेवायचे आहेत. मैदानावरचं गवत कोण काढणार, ते बैठकीत ठरवू.

कोणाचा मुलगा आधीच अडकला असेल तर त्याचं नाव ग्रुपवर टाकू नका. आशाताईंना एकट्यात सांगा, किंवा 14446 या मोफत हेल्पलाइनवर बोला.

बचत गटाच्या बायांनी येताना सतरंजी आणावी.